मागच्या फाटकाचा ठराव

बैठक व्हायच्या आदल्या दिवशीच बैठकीचं इतिवृत्त लिहून तयार ठेवायचं, ही आमच्या वॉर्ड ऑफिसची पद्धत. हसू नका. नोकरीला लागले तेव्हा मलाही हसू आलं होतं. कोण काय बोललं, काय ठरलं, ते बैठक झाल्यावर लिहायचं असतं एवढी अक्कल मला शाळेपासून होती. पण माझ्या आधीच्या लेखनिक बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं. "अगं, माणसं दर वेळी तेच बोलतात आणि दर वेळी तेच ठरतं. मग थांबायचं कशाला?"

खोटं नव्हतं ते. विषय साहेबांनी ठरवलेले असायचे, ठरावाचा मसुदा वरून आलेला असायचा. वॉर्ड समितीचे सदस्य सात, अध्यक्ष धरून. दारातून आत येताना ते एका हाताने चहाचा कप घेत आणि दुसऱ्या हाताने माझ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सही ठोकत, कारण बैठक संपेपर्यंत त्यातले निम्मे पसार झालेले असत. मला फक्त सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ भरायची राहायची. एकतीस वर्षं मी हे काम केलं, आणि एकतीस वर्षांत माझ्या इतिवृत्ताला एक दुरुस्ती लागली नाही. हे मी चारचौघांत सांगायचे. नवीन पोरींना तर हटकून सांगायचे.

त्या वर्षी वरून नवा फतवा आला. यापुढे कुठलंही काम हाती घेण्याआधी रहिवाशांना विचारायचं, आणि तरुण मुलामुलींना तर खास विचारायचं. सहभाग पाहिजे म्हणे. किमान पाच जण, वय सोळा ते पंचवीस, हजेरीपत्रकावर सह्या. साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरात आहे ना कोणीतरी त्या वयाचं?"

होतं की. मी भाऊ-वहिनीकडे राहते. लग्न केलं नाही, का नाही ते विचारू नका. भावाची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. घरात तिला सगळे टिटवी म्हणायचे, कारण एकदा सुरू झाली की तिला थांबवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही, म्हणजे माझ्या भावालाही जमायचं नाही. लहानपणी तिला मीच झोपवलं, मीच शाळेत सोडलं, अक्षर मीच गिरवून घेतलं. पोर वहिनीच्या पोटची, पण जीव माझ्यात जास्त, असं वहिनीच म्हणायची आणि वर हसायचीही.

"पुढच्या आठवड्यात शुक्रवारी तासभर ऑफिसात ये," मी तिला सांगितलं. "चार मैत्रिणी-मित्र घेऊन ये. चहा-बिस्किटं खा, सही करा आणि घरी जा."

"विषय काय आहे?"

"तुला काय करायचंय विषयाशी?"

"मग मला कशाला बोलावलंय?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण प्रश्नात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी सांगितलं. आमच्या वस्तीला लागून पाण्याच्या टाकीखालचं मोकळं मैदान आहे. त्याला दोन फाटकं. पुढचं मोठं, हमरस्त्याकडचं. मागचं लहान, लोखंडी, वस्तीकडचं. मागच्या फाटकातून शिरून मैदान तिरपं ओलांडलं की चार मिनिटांत शाळा, दवाखाना, बसथांबा. नाहीतर हमरस्त्याने वळसा, मधे मोठा चढ, आणि चांगली पंचवीस मिनिटं. त्या मैदानावर ऑफिसच्या गाड्यांसाठी शेड बांधायची होती. त्यासाठी मागचं फाटक काढून तिथे भिंत घालायची होती.

जेवता जेवता टिटवी घास चावायची थांबली. "अगं आत्या, सगळी वस्ती त्या फाटकातून जाते."

"जाते ना? मग आता रस्त्याने जाईल."

"आणि लंबू? ती तिच्या बहिणीला कशी नेणार?"

लंबू म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. ताडमाड उंच, म्हणून लंबू. तिची धाकटी बहीण नऊ वर्षांची, तिला चालता येत नाही. रोज सकाळी लंबू तिला चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच फाटकातून दवाखान्यात व्यायामाला न्यायची आणि मग स्वतः कॉलेज गाठायची. त्यांची आई पहाटेच कामावर जाते, वडील नाहीत. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "शुक्रवारी बोल की मग," आणि भांडी आवरायला उठले. अशीच बोलले. लहान मुलाला आपण नाही का म्हणत, बघू हं उद्या, तसं.

पोरीने ते खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर मागच्या फाटकाशी पालथ्या खोक्यावर ही बसलेली, मांडीवर वही. पाच जणांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, कोण जातं, कुठे जातं, का जातं, सगळ्याच्या रेघा. "आत्या, तू एकशे बेचाळिसावी," ती ओरडली. "कुठे चाललीस, ऑफिस की बाजार?"

"तुला ठाऊक नाही कुठे चाललेय ते?"

"ठाऊक आहे, पण विचारायचं असं ठरलंय. सगळ्यांना सारखं."

नऊ दिवस त्या मुलांनी मोजलं. ऊन बघितलं नाही, परीक्षा बघितली नाही. काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांना खोक्यावर बसवून विचारलं, शिवणाच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या मागे चालत चालत विचारलं. दिवसाला सरासरी अकराशे खेपा निघाल्या. मला तिचं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू, ऊर भरून येत होता. आणि त्याच वेळी पुढे काय होणार तेही मला माहीत होतं. पोरी, उगाच राबतेस, असं मी तिला तेव्हा सांगितलं असतं तर ती माझ्याशी कडाकडा भांडली असती आणि कदाचित काहीतरी वेगळं केलं असतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, बोलेल, मोकळी होईल, चार माणसांत उभं राहायची सवय होईल. मोठी माणसं स्वतःची समजूत काढायला फार हुशार असतात.

गुरुवारी ऑफिसात रंगकाम चाललं होतं, म्हणून रजिस्टर मी घरी आणलं. दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहायला घेतलं. आतल्या खोलीत टिटवी भाषणाचा सराव करत होती, दार उघडंच होतं. "सन्माननीय अध्यक्ष महोदय... नाही, नुसतं अध्यक्ष. अध्यक्ष, आम्ही नऊ दिवस मोजलं." ती तिकडे बोलत होती आणि मी इकडे लिहीत होते. 'उपस्थित युवकांनी उत्साहाने सूचना मांडल्या. सूचनांचे स्वागत करण्यात आले. चर्चेअंती मागील फाटक बंद करून भिंत घालण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' मधेच ती माझ्यासाठी चहा घेऊन आली, कप ठेवला, क्षणभर माझ्या खांद्यावरून वाकली आणि गेली. मी पान झाकलंसुद्धा नाही. इतकी ती सवय हाडामासात मुरलेली.

शुक्रवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. असं आजवर कधी झालं नव्हतं. मुलांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. शिवणाच्या कारखान्यातल्या बायका अर्धी रजा टाकून आल्या, म्हातारे आले, लंबू बहिणीला खुर्चीसकट घेऊन आली. साहेब माझ्या कानात कुजबुजले, "बाई, ही जत्रा कोणी बोलावली?" मी म्हटलं, "तुम्हालाच सहभाग हवा होता." सदस्य आले, चहा घेतला, नेहमीसारख्या शेवटच्या पानावर सह्या केल्या आणि बसले.

टिटवी उभी राहिली. आवाज खणखणीत. रडगाणं नाही, आरडाओरडा नाही. किती माणसं, कोणत्या वेळी, कुठे जातात. वळशाने किती वेळ लागेल ते त्यांनी स्वतः चालून मोजलं होतं, खुर्ची ढकलत चढावर किती वेळा थांबावं लागलं तेही मोजलं होतं. अकरा वेळा. अध्यक्ष सुरुवातीला फोनमध्ये बघत होते. अकरा वेळा म्हटल्यावर त्यांनी फोन उपडा ठेवला.

मग एक म्हातारे बोलले, एक शिवणवाल्या बाई बोलल्या, आणि कहर म्हणजे ऑफिसच्याच पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "साहेब, आम्हाला पुढचं एकच फाटक पुरतं. मागून आमचा टँकर तसाही शिरत नाही."

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. त्यांनी अभियंत्याला विचारलं, "काय हो, शेड जरा सरकवता येईल का?" अभियंता म्हणाला, "येईल की साहेब, दोन खांबांचा प्रश्न आहे."

"मग राहू द्या ना फाटक! मुलांनी एवढं केलंय." अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, लिहून घ्या. मागचं फाटक राहील."

"लिहून घेतलं, साहेब," मी म्हटलं.

माझ्या पेनाचं टोपणसुद्धा निघालेलं नव्हतं. तोंडातून आपलं आलं. एकतीस वर्षांत मला बैठकीत काही लिहायची वेळच आली नव्हती.

टाळ्या पडल्या. लंबू खाली वाकून बहिणीला काहीतरी सांगत होती आणि ती पोर दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातावर थाप मारत होती. टिटवीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो, काय सांगू.

गर्दी पांगल्यावर मी रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. "साहेब, ठराव बदलावा लागेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "आता? खाडाखोड केली तर प्रत्येक खाडाखोडीपुढे सातही सदस्यांच्या सह्या लागतील. चार तर गेलेसुद्धा. आणि हे पाच वाजेपर्यंत वर पोचवायचंय, पहिलीच सहभाग बैठक आहे, रजिस्टर स्वच्छ दिसलं पाहिजे."

"पण अध्यक्ष बोलले..."

"बोलले ना? मग झालं. अभियंत्याने ऐकलंय, सगळ्यांनी ऐकलंय. पुढच्या बैठकीत दुरुस्ती टाकू. कागदाचं काय एवढं, बाई?"

कागदाचं काय एवढं! हे मी ऐकून घेतलं, ज्या बाईने सगळा जन्म कागदावर काढला तिने. कागदावर नाही ते ऑफिसात घडलेलंच नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण सांगते, त्या घटकेला मला सुटल्यासारखं वाटलं. चार सदस्यांच्या घरी रजिस्टर घेऊन फिरा, त्यांना समजावा, आणि माझ्या त्या कोऱ्या करकरीत एकतीस वर्षांवर रेघ मारा. नको वाटलं मला. मी संपल्याची वेळ भरली आणि रजिस्टर शिपायाच्या हातात दिलं.

घरी टिटवीने मला गच्च मिठी मारली. "आत्या, लिहिलंस ना गं?"

"लिहून घेतलं म्हटलं ना सगळ्यांसमोर."

तिने मिठी सोडली. मग म्हणाली, "हो, म्हटलंस," आणि नाचत लंबूकडे गेली.

पुढची बैठक तीन महिन्यांनी लागली. तोवर साहेबांची बदली झाली, अभियंता दुसऱ्या वॉर्डात गेला. दुरुस्तीचं मी नव्या साहेबांना सांगणार होते, आज सांगते, उद्या सांगते. नवे साहेब कडक होते. आल्या आल्या त्यांनी एका कारकुनाची खोट्या नोंदीवरून चौकशी लावली होती. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. मी गप्प बसले. आणि एका सोमवारी मागच्या फाटकाशी विटांचा ट्रक उभा राहिला. गवंडी बिचारा काय करणार, त्याच्या हातात कागद होता, कागदावर भिंत होती.

मुलं ऑफिसात धावत आली. नव्या साहेबांनी त्यांना ठराव दाखवला आणि सांगितलं, गुरुवारी बैठक आहे, तिथे बोला, तोवर काम थांबवतो. भला माणूस होता तसा.

गुरुवारी सकाळी अकराला साधी बैठक होती, कामाचा दिवस, वस्तीतलं कोणी आलं नाही. मागच्या बाकावर टिटवी, लंबू आणि आणखी दोघं. पहिला विषय नेहमीचा, मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. मी वाचून दाखवलं. माझाच आवाज मला परका वाटत होता.

टिटवी उभी राहिली. "यात आमचा निर्णय नाही. फाटक राहील असं ठरलं होतं."

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. महिन्याला तीस बैठका, कुठली कुठली आठवणार? "मुलांचं काहीतरी भाषण झालं होतं, ते आठवतंय. ठरलं काय होतं? बाई, तुम्ही सांगा. तुमचं इतिवृत्त कधी चुकत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवे साहेबही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, साहेब, चूक माझी, फाटक राहील असंच ठरलं होतं. सात-आठ शब्द. त्यानंतर काय झालं असतं? चौकशी झाली असती. लोकांनी महिनाभर नावं ठेवली असती. मेले नसते मी.

मी म्हटलं, "साहेब, चर्चा झाली होती. पण मुलांकडून लेखी निवेदन आलं नव्हतं. लेखी आल्याशिवाय ठरावात बदल करता येत नाही."

असा काही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथे, उभ्या उभ्या बनवला. आणि इतक्या सराईतपणे बनवला की नव्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली.

"अरे मुलांनो," अध्यक्ष हळहळले, "मग लेखी द्यायला नको का? एवढं मोजलंत, सवरलंत, आणि एक अर्ज दिला नाहीत?"

लंबूने टिटवीकडे बघितलं. टिटवी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. कोणी आजारी माणसाकडे बघतं ना, तसं. मग ती अध्यक्षांना म्हणाली, "अर्ज माझ्याकडे होता. मी द्यायला विसरले."

आणि खाली बसली.

इतिवृत्त कायम झालं. सर्वानुमते.

मला वाटलं, पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला. मी बनवलेला नियम तिला खरा वाटला, आणि घाबरून ती काहीतरी बोलून गेली. तसं समजणं सोयीचं होतं, म्हणून मी तसं समजले. आठवडाभरात भिंत उभी राहिली, चांगली पुरुषभर उंच. घरात तो विषय कोणी काढला नाही. टिटवी कॉलेजला जायची, यायची, जेवायची. वहिनी म्हणाली, "हल्ली हिचा आवाज नाही गं घरात." मी म्हटलं, "अभ्यास वाढला असेल."

एकदा सकाळी हमरस्त्याच्या चढावर लंबू दिसली. खुर्ची ढकलून घामाघूम झाली होती, चाकाला दगड लावून थांबली होती. गाड्या अंगावरून जात होत्या आणि बहिणीने भीतीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी हात लावला, दोघींनी मिळून खुर्ची वर नेली. वर पोचल्यावर मी विचारलं, "हल्ली घरी येत नाहीस ती?"

"काय यायचं, आत्या?" लंबू म्हणाली. "नऊ दिवस बसलो आम्ही. हिला मी सांगून ठेवलं होतं, फाटक राहिलं म्हणून. आणि एक अर्ज द्यायला विसरते ती? दुसरं कोणी असतं तर मी समजले असते. तिला माहीत होतं ना, हिचं काय होणार ते." तिने बहिणीच्या कपाळावरचा घाम पुसला. "आठवड्यातून दोनदाच नेते मी आता हिला. रोज नाही जमत."

मी तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहिले. सांगायला तोंड उघडलं, तर ती खुर्ची ढकलत पुढे गेलीही होती. मी हाक मारायला हवी होती. त्या दिवशीच रेघ मारली असती तर, साहेबांना ठणकावलं असतं तर, बैठकीत खरं बोलले असते तर. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अशी म्हण आहे आपल्यात, आणि मी तर साक्षात आत्याबाईच.

त्या दिवशी ऑफिसात गेलेच नाही. माघारी वळून घरी आले. टिटवी एकटीच होती, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चपला न काढताच तिच्यासमोर बसले आणि सगळं ओकले. आधी लिहिलेलं इतिवृत्त, शेवटच्या पानावरच्या सह्या, तो नसलेला नियम.

तिने शेवटची घडी घातली. "मला माहीत होतं, आत्या."

"काय माहीत होतं?"

"गुरुवारी चहा आणला तेव्हा वाचलं होतं मी. 'चर्चेअंती मंजूर.' म्हटलं, असेल यांची पद्धत. मला वाटलं, आम्ही खूप चांगलं बोललो तर तू ते खोडशील."

मला रडू फुटलं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पोरीसमोर हुंदके देऊन रडले मी. तिने उठून पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तेव्हा खरं का नाही बोललीस?" मी विचारलं. "म्हणायचं ना सगळ्यांसमोर, आत्या खोटं बोलतेय म्हणून!"

"तुझा चेहरा बघितला मी. मला बोलवेना."

"मी आत्ता जाते लंबूकडे. सगळ्यांना सांगते. उद्या साहेबांना लेखी देते, होऊ दे काय व्हायचं ते."

"साहेबांना दे हवं तर," ती म्हणाली. "पण मुलांना नको सांगूस."

"का? तुझ्या नावाने बोटं मोडतायत ती!"

"मोडू दे. मी विसरले म्हणून गेलं असं वाटतंय त्यांना. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विसरलं नाही तर होईल, असंही वाटतंय. काहीतरी नवीन करायचं चाललंय त्यांचं, रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. तू खरं सांगितलंस तर ती घरीच बसतील, आत्या. माझ्यासारखी."

ती घड्या उचलून कपाटाशी गेली.

साहेबांना मी लेखी दिलं. बंद दाराआड चौकशी झाली, ताकीद मिळाली, निवृत्तीआधी मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. एवढंच. ज्याला मी इतकी भ्यायले ते एवढंच होतं. भिंत पाडायचा ठराव काही झाला नाही. बांधलेलं पाडायचं म्हटलं की तो वेगळा विषय होतो, आणि तो विषय अजून कोणी विषयपत्रिकेवर घेतलेला नाही.

मागच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. टिटवीने दार उघडलं. लंबू होती, तिच्यामागे सहा-सात मुलं, दोन तर अगदी नवीन, शाळेतली. "आत्या आहेत का?" लंबूने विचारलं. टिटवी बाजूला झाली आणि सगळी तिच्या बाजूने आत आली.

ती माझ्याभोवती जमिनीवर बसली. दिव्यांसाठी चार गल्ल्या मोजून झाल्या होत्या, कुठला दिवा कधीपासून बंद ते सगळं तपशीलवार. "आत्या, तुम्ही एवढी वर्षं ऑफिसात काढलीत," लंबू म्हणाली, "तुम्हाला सगळं माहीत आहे. या वेळी आम्हाला अजिबात चूक करायची नाहीये. अर्ज कसा लिहायचा ते सांगा. मागच्या वेळी तेवढ्यानेच घात झाला."

टिटवी पाण्याचे पेले घेऊन आली. एकेकाच्या हातात देत गेली. लंबूने तिच्याकडे न बघता पेला घेतला. शाळेतल्या मुलीने विचारलं, "ही ताई पण येणार आहे का आपल्यात?" आणि कोणीतरी म्हणालं, "नाही, ती नाही."

मी तोंड उघडलं. टिटवीने रिकामा ट्रे छातीशी धरला होता. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून, आणि आत निघून गेली.

"सांगा ना, आत्या," लंबू वही उघडून म्हणाली.

मी त्यांना सांगायला लागले. तीन प्रती काढायच्या, एकीवर पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. मुलं माझा प्रत्येक शब्द लिहून घेत होती.